कात्रज ते सिंहगड: एका दिवसात तेरा डोंगर (अनुभव आणि सूचनांचा धागा)

धागाकर्ती

थंडी पडू लागली की ‘कात्रज–सिंहगड पहिल्यांदाच करतोय, जमेल ना?’ ही विचारणा सुरू होते. जमतं. पण तयारी बहुतेकांची चुकीच्या गोष्टीची असते, म्हणून हा धागा.

मार्ग थोडक्यात असा. जुन्या कात्रज बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापाशी सुरुवात. तिथून धारेवर, म्हणजे डोंगररांगेच्या अरुंद माथ्यावर, चढायचं, भुलेश्वर रांगेतले माथे एकामागून एक ओलांडत पश्चिमेकडे जायचं आणि कोंढणपूरहून सिंहगडाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला उतरायचं. पुढे रस्त्याने गड. अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास. डोंगर कुणी तेरा मोजतं, कुणी त्याहून जास्त. मधल्या बारक्या टेपाडांना डोंगर म्हणायचं की नाही यावर आकडा हलतो.

ज्यांनी ही धार अनेकदा केली आहे त्यांनी कृपया नेमकं लिहावं: किती पाणी, पाय कुठे घसरतो, वाट कुठे फुटते, परतीचं कसं. ‘खूप धमाल आली’ एवढ्याने नवख्या माणसाचा गुडघा वाचत नाही. माझ्याकडून पहिली सूचना: तेरा चढ मोजू नका, तेरा उतार मोजा. या वाटेवर दम सुटल्यामुळे कुणी फारसं अडकत नाही. लोक अडकतात ते उतारांवर.

वेळेचा हिशोब

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला आडाखा अजून कामाला येतो. सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. सोळा किलोमीटर आणि सगळे चढ मिळून समजा १००० मीटर धरले, तर ३ तास १२ मिनिटं अधिक १ तास ४० मिनिटं, म्हणजे पाच तासांना थोडे कमी. नवखे इथेच हिशोब थांबवतात आणि फसतात.

पुढे एरिक लँगम्युर या गिर्यारोहकाने या आडाख्यात उताराची दुरुस्ती घातली. सौम्य उतारावर वेळ वाचतो, तीव्र उतारावर दर ३०० मीटरला साधारण दहा मिनिटं वाढतात. आपल्या धारेवरचे बरेच उतार दुसऱ्या जातीचे आहेत. त्यात तासाला दहा मिनिटं विश्रांती मिळवा. मग गट मोठा असेल तर प्रत्येक घसरड्या जागी रांग लागते. दहा जणांनी एकेक करून उतरायला मिनिट-मिनिट घेतलं तरी एका उताराला दहा मिनिटं गेली. असे पाच-सहा उतार आले की तास संपला. म्हणून सरावाच्या चौघांना सहा तास, मिश्र गटाला आठ तास, आणि रात्री त्यावर आणखी एक तास धरा. गडावरचा चढ यात धरलेला नाही.

डिसेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे साडेपाच-सहाला वाघजाईपासून निघालात तर पहिला चढ बॅटरीच्या उजेडात, बाकी सगळं उजेडात आणि दुपारी दोनपर्यंत डांबरी रस्ता. आठला निघालेला गट शेवटचे चार डोंगर ऐन उन्हात करतो, आणि धारेवर सावलीला झाड शोधावं लागतं.

उतार आणि मुरूम

वर लिहिलेल्या ‘तेरा उतार मोजा’ला जोडून.

या डोंगरांचा चढउतार असा पायरीपायरीचा का, हे कळलं की पाय कुठे ठेवायचा हेही कळतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. काही थर टणक, ते कड्यासारखे उभे राहतात. काही थर झिजके, त्यांचा मुरूम होतो आणि तिथे सपाटी किंवा तिरकी उतरण तयार होते. सगळ्यात वाईट जागा टणक आणि झिजक्या थरांच्या सांध्यावरची: खाली घट्ट खडक किंवा तुडवून कडक झालेली माती, आणि वर वाटाण्याएवढा सुटा मुरूम. पाय टाकला की गोट्यांवर ठेवल्यासारखा निसटतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये माती अजून धरून असते. जानेवारीनंतर तिची धूळ होते आणि तोच उतार दुप्पट घसरडा होतो. वाट जितकी जास्त मळलेली तितकी ती घसरडी, हेही ध्यानात असू द्या. अनेकदा वाटेच्या काठावरच्या गवताच्या बुंध्यांवर पाय जास्त टिकतो.

घसरायला लागलं की माणूस आपसूक मागे रेलतो. नेमकं तेच करू नका. मागे रेललं की तळव्यावरचा दाब सुटतो, पाय पुढे सरकतात आणि बूड आपटतं. गुडघे थोडे वाकवा, छाती पायांच्या वर ठेवा, पावलं अर्धी करा, तळवा पूर्ण टेकवा. फार उभं असेल तर शरीर आडवं वळवून बुटाची कड रुतवत उतरा. आधाराला हात मागे टेकू नका, मनगट तिथेच मोडतं. सुक्या गवताच्या शेंड्याला धरून लोंबकळू नका, धरायचंच तर मुळाशी मूठभर धरा.

दोन माणसांत किमान पाच-सहा मीटर अंतर, आणि एकाच्या थेट खाली दुसरा नको. दगड सुटला की ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडायचं, तो लहान असला तरी.

लांबी कमीजास्त करता येणाऱ्या ट्रेकिंगच्या काठ्या असतील तर उतारावर पाच ते दहा सेंटिमीटर लांब करा आणि मनगटाचा पट्टा काढून ठेवा. पडताना काठी सोडता आली पाहिजे.

वाट चुकण्याच्या जागा

उजेडात धार सोडली नाही तर चुकणं अवघड आहे. पुढे सिंहगडाचा मनोरा दिसतो, उजवीकडे पुणे शहर, डावीकडे शिवगंगेचं खोरं आणि सातारा महामार्ग. रात्री मनोऱ्यावरचा लाल दिवा, उजवीकडे शहराचा झगमगाट आणि डावीकडे गाड्यांच्या दिव्यांची रांग, एवढ्यावर दिशा पक्की राहते. धुकं आलं की हे तिन्ही एकदम जातं.

चूक दोनच ठिकाणी होते. पहिली माथ्यावर. माथ्यावरून दोन-तीन सोंडा (डोंगराचे उतरते फाटे) फुटतात आणि अंधारात सगळ्या सारख्याच दिसतात. ज्या सोंडेवरून पुढची खिंड दिसते ती आपली. खिंड दिसत नसेल तर उतरायला सुरुवात करू नका. पन्नास मीटर डावीउजवीकडे फिरून बघा, नाहीतर नकाशा काढा. दुसरी चूक खिंडीत. खिंडीतून गावकऱ्यांची आडवी वाट जाते, तिला ढोरवाटा मिळतात आणि ती आपल्या वाटेपेक्षा रुंद, सपाट, पायाला बरी वाटते. दमलेला गट तिच्यावर सहज वळतो. कंबरेच्या उंचीवरून आडवी गेलेली वाट पुढचा डोंगर चुकवून देईल असंही वाटतं. काही देतात, बऱ्याचशा गवतात विरून जातात आणि मग मुरमाच्या उभ्या अंगावर आडवं चालत बसावं लागतं.

मधूनच उतरायची वेळ आली तर खिंडीतून मळलेल्या वाटेने उतरा, डावीकडे महामार्गाच्या अंगाला किंवा उजवीकडे खडकवासल्याच्या अंगाला. ओढ्याच्या पात्रातून कधीही नको. वर मुरमाबद्दल जे लिहिलंय तेच कारण इथेही आहे. ओढा टणक थराच्या कडेवरून उडी घेतो, म्हणजे पात्रात मध्येच पंधरा-वीस फुटांचा कोरडा धबधबा लागतो. वरून तो दिसत नाही. खाली उतरता येत नाही आणि वर चढायला अंगात जोर नसतो. अशा अडकण्यातूनच बचावपथकं बोलवावी लागतात.

फोनमध्ये नकाशा आणि मार्गाची फाइल घरूनच उतरवून घ्या. एअरप्लेन मोडवरही फोन उपग्रहावरून जागा दाखवतो आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते. दोन वेगळ्या फोनमध्ये तोच मार्ग असावा. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा मिळाला तर त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या दर वीस मीटरला असतात. म्हणजे पंधरा मीटरचं टेपाड नकाशात दिसेलच असं नाही. डोंगरांच्या आकड्यावरून वाद होतो त्याचं एक कारण हेही.

रात्रीचा ट्रेक, चंद्र आणि बॅटरी

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. नंतरच्या प्रत्येक दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा. त्यामुळे पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला रात्रीचा पहिला दीड-पावणेदोन तास अंधार असतो. उलट द्वादशी-त्रयोदशीला सुरुवातीला चंद्र वर असतो, पण पहाटेआधी मावळतो. शनिवार सोयीचा म्हणून तारीख ठरवताना हे बघा.

आता महत्त्वाचं. आपण पूर्वेकडून पश्चिमेकडे चालतो. मध्यरात्रीपर्यंत चंद्र पाठीशी, पूर्वेच्या बाजूला असतो. म्हणजे प्रत्येक चढ चांदण्यात आणि प्रत्येक उतार डोंगराच्या सावलीत! माथ्यावर लख्ख उजेड पाहून बॅटरी बंद केलेली असते आणि तशीच माणसं उतरायला लागतात. डोळे चांदण्याला सरावलेले, पायाखाली काळोख. माथा संपला की बॅटरी चालू, चंद्र कितीही मोठा असला तरी. मध्यरात्रीनंतर चंद्र पश्चिमेला कलतो, तेव्हा उतार बरे होतात.

डोक्यावरच्या बॅटरीचा उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडतो, त्यामुळे दगडांची सावली दिसत नाही आणि खड्डे सपाट भासतात. घसरड्या जागी बॅटरी हातात घेऊन कंबरेच्या उंचीवर धरा, खाचखळगे लगेच उठून दिसतात. धुक्यात तर हाच उपाय, कारण डोक्यावरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांत परत येतो. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी आणि सेलचा जादा संच हवा. ‘दोघांत एक’ चालत नाही, मागच्याच्या पायाखाली पुढच्याची सावली पडते. फोनचा टॉर्च ही बॅटरी नव्हे. हात अडकतो आणि फोनही संपतो.

पाणी आणि खाणं

धारेवर पाणी नाही, असं धरूनच निघा. थंडीत माणशी तीन लिटर, मार्चपासून चार ते पाच. पाणी पाठीवर असतं तेव्हा जड वाटतं म्हणून लोक दोन लिटरवर भागवायला बघतात आणि नवव्या-दहाव्या डोंगरावर इतरांकडे मागतात. अर्ध्या वाटेवर अर्धं पाणी शिल्लक, ही मोजपट्टी. नसेल तर गटातल्या अनुभवी माणसाला तेव्हाच सांगा.

नुसतं पाणी पीत राहणंही बरोबर नाही. घामातून मीठ जातं, वर साधं पाणी भरलं की मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते पूर्ण लिटरातच मिसळा. अर्ध्या बाटलीत ओतलं तर क्षार दुप्पट होतात आणि तहान वाढते. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू चवीला. दिवसाकाठी अशी दोन लिटर पुरतात, बाकी साधं पाणी.

खाणं एकदम नको. दर तासाला थोडं: राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे. जेवणाला धपाटे किंवा दशम्या, सोबत सुकी चटणी. दह्यात भिजवलेल्या धपाट्यांना दिवसभर काही होत नाही. मेयोनीज घातलेलं सँडविच दुपारपर्यंत पिशवीत तापतं, ते टाळा. उतरण्याआधी पोटभर जेवू नका, चढाआधी तर नकोच. रुंद माथ्यावर बसून अर्धंच जेवा.

कागद, पाकिटं, संत्र्याच्या साली सुद्धा पिशवीत परत.

कुसळं

कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. एकदा आत गेलं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. दोन तासांत घोटा सोलवटतो. लोकरी किंवा टेरी मोजे उघडे ठेवू नका. गुळगुळीत कापडाची पँट बुटावरून खाली घ्या किंवा पायपट्ट्या लावा. कुसळ टोचलं तर ओढून काढण्यापेक्षा आतल्या बाजूने टोक धरून पुढे काढा.

बूट

बूट अर्धा नंबर मोठा, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री खोल कापली तर कोपरे दुखतात, वाढलेली ठेवली तर तेरा उतारांवर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. चढाला नाडी थोडी सैल, उतारापूर्वी घोट्याजवळ करकचून. वरच्या दोन भोकांत नाडीचा फास करून टाच मागे धरून ठेवता येते. नवा बूट या वाटेवर पहिल्यांदा घालू नका. धावण्याच्या गुळगुळीत तळाच्या बुटांना मुरमावर पकडच मिळत नाही. आपल्याकडच्या अनेक भटक्यांचे साधे रबरी तळाचे अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट इथे महागड्या बुटांइतकेच पकडतात, फक्त खाचा झिजलेल्या नकोत.

डॉक्टर म्हणून

पाय मुरगळला आणि अजून चालायचं असेल तर बूट काढू नका. सूज चढली की तो परत जात नाही. नाडी सैल करून बुटावरूनच दहा सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळा. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं असं समजून माणसाला चालवू नका.

साप: या डोंगरांत फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. फुरसं लहानखुरं, दगडाखाली असतं. म्हणून दगडाखाली हात घालू नये, बसण्याआधी काठीने जागा तपासावी. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. तो अवयव फळी किंवा काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला शक्यतो उचलून न्या. १०८ ला फोन करून जवळच्या ज्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे तिथे जा. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, तेव्हा साप मारून आणायची गरज नाही.

उन्हाचा झटका: माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर ‘थकलाय’ म्हणून पुढे नेऊ नका. सावली करा, कपडे सैल करा, पिण्याचं पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गट नेणाऱ्यांसाठी

एका जबाबदार माणसामागे दहा-बारापेक्षा जास्त नकोत. पुढचा वाट माहीत असलेला, मागचा सगळ्यात संयमी. पिछाडीच्या माणसामागे कुणीही राहायचं नाही, लघवीला थांबायचं असलं तरी सांगून. डोकी प्रत्येक माथ्यावर मोजायची. खिंडीत मोजणं उशिराचं ठरतं, कारण चुकलेला तोवर दुसऱ्या सोंडेने उतरलेला असतो.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. एका मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबणं म्हणजे मदत हवी. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

गती सगळ्यात मंद माणसाची. तो पोहोचला की पुढचे लगेच उठतात, त्यामुळे त्याला विश्रांती मिळतच नाही. तो आल्यावर पाच मिनिटं मोजून मग निघा.

फेब्रुवारीनंतर गवत काडीसारखं पेटतं. चूल नको, विडी-सिगारेट तर नकोच. वणवा वाऱ्याबरोबर चढावर माणसाच्या चालण्यापेक्षा वेगाने येतो.

वीज आणि पाऊस

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दुपारनंतर उठतो. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर धार लगेच सोडायची. खिंडीकडे उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, एकमेकांपासून अंतर ठेवा, काठ्या खाली ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत चढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये धारेवर धुकं आणि चिखल, दोन्ही असतात. निघण्याआधी वनखात्याची बंदी आहे का ते बघा. पावसात सिंहगडाच्या घाटरस्त्यावर दरडी पडतात, तेव्हा वरून गाडी मिळेलच असं धरू नका.

तयारीबद्दल, आणि राजगड–तोरणा

पायऱ्या चढण्याचा सराव सगळे करतात. उतरण्याचा करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो, त्यानेच दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात आणि शेवटच्या उतारांवर लटपटतात. एकदा असा भार बसला की पुढचे काही आठवडे स्नायू तो जास्त चांगला सोसतो. म्हणून आधीच्या पंधरवड्यात एकदा पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड चढून पायवाटेनेच उतरा, वरून जीपने येऊ नका. ते नाही जमलं तर पर्वतीच्या पायऱ्या सावकाश, आठ-दहा वेळा उतरा.

ही धार नीट जमली की पुढची राजगड–तोरणा. गुंजवण्याहून राजगड, संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर, धार धरून मधल्या डांबरी रस्त्याच्या खिंडीत, मग बुधला माचीवर चढून तोरणा आणि वेल्ह्यात उतार. दिशा हीच ठेवा. बुधल्याकडचा उभा कातळटप्पा चढायला बरा, दमल्या पायांनी उतरायला वाईट. पाणी राजगडावरच भरून घ्या.

शेवटचा टप्पा

शेवटच्या डोंगरावरून कोंढणपूर–सिंहगड रस्ता खाली दिसायला लागतो आणि सगळ्यांची पावलं मोठी होतात. सर्वात जास्त पाय मुरगळतात ते इथे. या उतारापूर्वी सगळ्यांना थांबवून नाड्या आवळायला लावा, दोन घोट पाणी प्यायला लावा.

रस्त्याला लागल्यावर ठरवा: पुढे गड की इथेच गाडी. गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवलेली हवी, वाटेवरची रिकामी जीप मिळेल या भरवशावर राहू नका. गडावर जायचं तर डांबरावरचा चढ कंटाळवाणा आहे, पण धोक्याचा नाही. वर देवटाक्याचं गार पाणी, झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही. खाऊन झाल्यावर अर्धा तास बसा, मग आतकरवाडीच्या पायवाटेने उतरा. तिच्या पायऱ्या आणि दगड गुळगुळीत झालेत, पाय थकलेले असतात. अंधार पडायच्या आत पायथा गाठायचा असेल तर डिसेंबरात वरून साडेचारला निघा. पायथ्याहून स्वारगेटला पीएमपीची बस आहे. रविवारी संध्याकाळी तिला उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा गटातल्या गुडघे दुखणाऱ्यांना आधी पाठवा.